नेमलेल्या पुस्तकांचे खटले

विद्यापीठाने एखादं पुस्तक अभ्यासक्रमाला नेमलं, की त्याचं नशीब एका रात्रीत फळफळतं. कालपर्यंत गोदामात धूळ खात पडलेल्या प्रती आज कमी पडतात, प्रकाशक घाईघाईने नवी आवृत्ती छापायला घेतो, पुस्तकविक्रेते आगाऊ मागण्या नोंदवतात. पाठोपाठ त्याच दुकानात, त्याच पुस्तकाला खेटून, एक बारकं पुस्तक येऊन बसतं. त्यात टिपा असतात, सारांश असतो, कठीण शब्दांचे अर्थ असतात आणि परीक्षेत येऊ शकतील असे प्रश्न उत्तरांसह असतात. विद्यार्थी दोन्ही घेतो, आणि खिशात पैसे कमी असले तर फक्त दुसरं घेतो. मूळ प्रकाशकाच्या पोटात दुखायला लागतं ते इथे.

कॉपीराइटचा वाद म्हटला, की आपल्याला सिनेमाच्या उचललेल्या कथा आणि ढापलेल्या चाली आठवतात. वर्तमानपत्रांत चर्चाही त्यांचीच होते. पण 'मूळ कृती' कशाला म्हणायचं, कुठल्या नकलेला माफी द्यायची, या पायाभूत प्रश्नांची उत्तरं आपल्या न्यायालयांनी पुष्कळदा शोधली ती क्रमिक पुस्तकांच्या, गाइडांच्या आणि झेरॉक्सच्या खटल्यांत. कलकत्त्यातल्या १८९० सालच्या एका निकालापासून दिल्लीतल्या २०१६ सालच्या निकालापर्यंत हा धागा सापडतो, आणि त्याच्या बहुतेक गाठींपाशी कुठलीतरी परीक्षा उभी असते.

निवडीचा मालक कोण?

लंडनच्या मॅकमिलन कंपनीने १८६१ मध्ये 'गोल्डन ट्रेझरी' हा इंग्रजी कवितांचा संग्रह काढला. संपादक होते फ्रान्सिस टर्नर पालग्रेव्ह. निवड करताना त्यांना कवी टेनिसनचा सल्ला मिळाला होता आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं होतं. हयात कवींना पहिल्या आवृत्तीत जागा नव्हती. म्हणजे संग्रहातल्या कविता पालग्रेव्ह यांच्या नव्हत्या, आणि ज्यांच्या होत्या ते कवी केव्हाच वारले होते. पुस्तक मात्र अफाट खपलं आणि इंग्रजी कविता शिकणाऱ्या जगाचं जणू हातपुस्तक झालं. ब्रिटिश हिंदुस्थानातली नवी विद्यापीठं त्याच जगात मोडत होती.

कलकत्त्यातल्या सुरेशचंद्र देब यांनी त्याच कवितांची निवड घेऊन स्वतःचं पुस्तक छापलं. मॅकमिलनने दावा लावला. कंपनी सरकारने १८४७ मध्ये केलेला कॉपीराइटचा कायदा तेव्हा अमलात होता. लेखकाच्या हयातीनंतर सात वर्षं किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षं, यांपैकी जी मुदत लांब ती, असा त्याचा हिशेब होता. मुदतीचा प्रश्न इथे नव्हता, कारण पालग्रेव्ह जिवंत होते आणि ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक होते. प्रश्न होता तो हक्काचा. दुसऱ्यांच्या कविता एकत्र आणणाऱ्याचं त्या संग्रहात स्वतःचं असं काय असतं?

न्यायमूर्ती विल्सन यांनी उत्तर दिलं, की निवड त्याची असते. नकाशे आणि डिरेक्टऱ्यांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये जे तत्त्व रुळलं होतं, तेच त्यांनी इथे लावलं. मूळ साधनं सर्वांना खुली आहेत. ज्याला हवा त्याने त्या कवींचे ग्रंथ उघडावेत, वाचावेत आणि आपला संग्रह करावा. दोघांच्या निवडी योगायोगाने जुळल्या तरी तक्रार नाही. दुसऱ्याने वाचून, पारखून, टाकून आणि ठेवून जे गाळून काढलं, ते आयतं उचलायचं मात्र नाही. निकाल मॅकमिलनच्या बाजूने लागला. कवितांवर हक्क कोणाचाच नाही, पण कवितांच्या यादीवर आहे, असं हे चमत्कारिक वाटणारं पण चोख तत्त्व इथे रुजलं.

अलेक्झांडरचे तुकडे

पुढचा मोठा खटला मुंबईचा. कालक्रमाने मधे एक गोष्ट घडली होती. ब्रिटनने १९११ मध्ये नवा कॉपीराइट कायदा केला आणि हिंदुस्थानने तो १९१४ मध्ये काही फेरफार करून लागू केला. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क टिकेल, असं ठरलं. याच सुमारास इंग्रजी प्रकाशकांचं मुंबईतलं बस्तान पक्कं होत होतं. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९१२ मध्ये आपली हिंदुस्थानातली शाखा मुंबईत उघडली. मॅकमिलन इथे आधीच आलेली होती. शाळा-कॉलेजांची संख्या वाढत होती आणि इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांचा बाजार डोळ्यांत भरण्याजोगा झाला होता.

मॅकमिलनने शाळेतल्या मुलांसाठी प्लुटार्कचं अलेक्झांडर-चरित्र काढलं. प्लुटार्क ग्रीक, पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्या चरित्रांचं आम्योने फ्रेंच भाषांतर केलं आणि त्यावरून सर थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये इंग्रजी केलं. शेक्सपिअरने 'ज्युलिअस सीझर'साठी वापरलं ते हेच नॉर्थचं भाषांतर. मॅकमिलनने घेतलं तेही तेच, पण अख्खं नाही. अलेक्झांडरच्या चरित्रात ब्युसेफॅलस घोड्याला वठणीवर आणण्याची गोष्ट आहे, दरायसचा पाडाव आहे आणि नशेच्या भरात क्लायटस या मित्राला भाल्याने भोसकण्याचा प्रसंगही आहे. शाळेसाठी इतका मजकूर नको होता. म्हणून संपादकाने ठिकठिकाणचे उतारे वेचले, मधला मजकूर गाळला आणि जिथे सांधा उघडा पडत होता तिथे दोन-चार शब्द घालून तो बुजवला, जेणेकरून गोष्ट सलग वाचता यावी. मागे टिपा जोडल्या.

मुंबईत शालेय पुस्तकं काढणाऱ्या के. अँड जे. कूपर या पेढीनेही नॉर्थचं अलेक्झांडर-चरित्र बाजारात आणलं. उतारे जवळजवळ तेच होते आणि टिपांतही ओळखीच्या खुणा होत्या. मुंबई हायकोर्टातून हे भांडण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. लॉर्ड ॲटकिन्सन यांनी डिसेंबर १९२३ मध्ये निकाल वाचला.

हा निकाल वकिलांच्या पिढ्यांनी घोटला आहे, आणि तो जवळून बघण्यासारखा आहे, कारण त्याने एका पुस्तकाचे उभे दोन भाग केले. आधी मजकुराचा. पुस्तक संक्षिप्त करणं हे खरं कसबाचं काम असतं, असं लॉर्ड ॲटकिन्सन यांचं म्हणणं होतं. आशय टिकवायचा, प्रमाण सांभाळायचं आणि सगळं आपल्या शब्दांत थोडक्यात बसवायचं. तसं केलं असतं तर हक्क मिळाला असता. इथे मात्र मूळ लेखकाचेच उतारे शब्दशः उचललेले होते, मधले गाळलेले होते आणि चार शब्दांनी सांधलेले होते. एवढ्या कामात नवा हक्क निर्माण होईल इतकी विद्वत्ता, मेहनत, पारख किंवा लेखनकौशल्य नाही. किती मेहनत पुरेशी याचं मोजमाप आधी सांगता येत नाही, ते ज्या त्या खटल्याच्या तपशिलावर ठरायचं, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. त्यामुळे नॉर्थच्या मजकुरावर मॅकमिलनचा हक्क नाही.

मग टिपांचा. टिपा संपादकाच्या स्वतःच्या होत्या. त्यांत वाचन होतं, माहिती होती, विद्यार्थ्याला कुठे अडेल याचा अंदाज होता. त्या टिपा कूपरनी उचलल्या होत्या आणि तेवढ्यापुरता मॅकमिलनचा विजय झाला.

या वाटणीत पुढच्या शंभर वर्षांचं बीज आहे. साहित्य म्हणून ज्याला मोल होतं तो अलेक्झांडर कोणाच्याही मालकीचा निघाला नाही, आणि परीक्षेपुरता उपयोग असलेल्या टिपा मात्र मालमत्ता ठरल्या. कायद्याने पुस्तकाची थोरवी मोजली नाही, त्यात कोणाचं काम कुठे संपतं आणि कोणाचं कुठे सुरू होतं एवढंच मोजलं. आणखी एक गोष्ट घडली. 'श्रम, कौशल्य आणि भांडवल' यांचं फळ दुसऱ्याने लाटू नये, हे या निकालातलं तत्त्व पुढे वकिलांनी सोयीने आखूड केलं. नुसता घाम गाळला की हक्क मिळतो, असं त्याचं रूप झालं. हा अर्थ पुसायला सर्वोच्च न्यायालयाला २००७ उजाडावं लागलं.

कलम ५२

स्वतंत्र भारताने स्वतःचा कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये केला आणि तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षं हीच राहिली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचे हक्क १९९१ अखेर संपायला आले, तेव्हा ती साठ वर्षांवर नेली गेली. पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं कलम ५२. हक्कभंग कशाला म्हणायचं नाही, याची ही यादी. तिच्यात एक साधंसं पोटकलम होतं. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत छापलेला मजकूर आणि अशा प्रश्नांची उत्तरं, यांना हक्कभंग मानू नये. किती पानं, किती टक्के, किती प्रती, यांपैकी एकही आकडा त्यात नव्हता.

हे पोटकलम पन्नास वर्षं जवळजवळ झोपून होतं. कारण पुस्तकं स्वस्त कशी मिळतील हा प्रश्न तेव्हा सरकार दुसऱ्या दाराने सोडवू बघत होतं. स्टॉकहोमला १९६७ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत विकसनशील देशांना भाषांतर आणि पुनर्मुद्रणाच्या सवलती मिळाव्यात, असा आग्रह धरणाऱ्यांत भारत पुढे होता. पाश्चात्त्य प्रकाशक खवळले आणि १९७१ च्या पॅरिस करारात त्या सवलती बऱ्याच पातळ होऊन आल्या. भारताने त्यानुसार १९८३ मध्ये सक्तीच्या परवान्यांची तरतूद कायद्यात घातली, पण तिचा रस्ता इतका लांबचा होता की फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. दरम्यान ब्रिटिश सरकारच्या अनुदानावर ईएलबीएसच्या स्वस्त आवृत्त्या येत होत्या. त्या काळात मेडिकल किंवा इंजिनिअरिंग शिकलेल्या मराठी घरांत त्यांतलं एखादं पुस्तक अजूनही कपाटात सापडेल.

कादंबरी आणि गाइड

न्यायालयात मात्र गाइड पुन्हा आलं. ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही १९२४ सालची कादंबरी मद्रास विद्यापीठाने पदवी परीक्षेला नेमली. मद्रासच्या ए. एन. परशुराम यांनी लगेच तिचं गाइड काढलं. फॉर्स्टर आणि त्यांचे प्रकाशक कोर्टात गेले. डॉ. अझीझवरच्या खटल्याभोवती उभी असलेली कादंबरी स्वतःच खटल्यात सापडली.

मद्रास हायकोर्टाचा निकाल १९६४ सालचा आहे. गाइडमध्ये कथानक थोडक्यात सांगितलेलं होतं, पात्रांची स्वभावचित्रं होती, चर्चा होती, टीका होती. कादंबरीचा मजकूर असा मोठ्या प्रमाणावर उचललेला नव्हता. कोर्टाने दावा फेटाळला. कादंबरीबद्दल लिहिणं म्हणजे कादंबरीची नक्कल करणं होत नाही, असा त्याचा मथितार्थ. गाइड वाचून फॉर्स्टर वाचल्याचा आनंद कोणाला मिळणार नव्हता, आणि फॉर्स्टर वाचायचीच ज्याची तयारी नव्हती तो त्यांचा वाचकही नव्हता.

चौदा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा अधिक ठळक केली, तीही नाटक-सिनेमाच्या निमित्ताने. आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' हे आपलं नाटक 'न्यू दिल्ली' या १९५६ च्या चित्रपटात चोरल्याची तक्रार केली होती. प्रांतभेदाचा विषय दोन्हीकडे होता आणि पंजाबी-मद्रासी घराण्यांतली प्रेमकहाणीही दोन्हीकडे होती. न्यायमूर्ती फजल अली यांनी १९७८ मध्ये लिहिलं, की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा मक्ता नसतो. हक्क असतो तो ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर. दोन्ही कृती पाहून सामान्य प्रेक्षकाचं निःसंशय मत झालं पाहिजे, की ही त्याची नक्कल आहे. तसं मत न्यायालयाचं झालं नाही. मद्रासमध्ये गाइडला जी सुटका मिळाली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालाने भक्कम पाया मिळाला.

परिच्छेदांचे आकडे

आता घामाचा प्रश्न. 'सुप्रीम कोर्ट केसेस' हे निकालांचं नियतकालिक लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीचं. वकिलांच्या भाषेत एससीसी. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हे सरकारी दस्तऐवज, ते छापायची सर्वांना मुभा. पण कोर्टातून मिळणारी प्रत तशीच छापली तर ती वाचणं जड जातं. एससीसीचे संपादक ती साफ करत. संदर्भ तपासत, विरामचिन्हं नीट करत, लांबलचक मजकुराचे परिच्छेद पाडत, त्यांना क्रमांक देत, आणि कुठल्या न्यायमूर्तींची सहमती व कुणाचं वेगळं मत हे दाखवून देत. मग संगणक आले. काही कंपन्यांनी निकालांच्या सीडी काढल्या आणि त्यांत एससीसीचा हा साफ केलेला मजकूर जसाच्या तसा आहे, अशी तक्रार घेऊन ईस्टर्न बुक कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. प्रतिवादींत एक नाव डी. बी. मोडक असं होतं आणि खटला त्याच नावाने ओळखला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये निकाल दिला. न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर यांनी त्यात जगाच्या दोन टोकांचा आढावा घेतला. एका टोकाला जुना इंग्रजी विचार, म्हणजे मेहनत केली की हक्क. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल, टेलिफोन डिरेक्टरीच्या पांढऱ्या पानांवर हक्क नाकारणारा, आणि थोडी तरी सर्जनशीलता मागणारा. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या दोहोंच्या मधली वाट काढली होती, तीही विधी ग्रंथालयातल्या फोटोकॉपीच्या खटल्यात. भारताने ती मधली वाट घेतली. नुसता घाम पुरत नाही. कौशल्य आणि पारख लागते, आणि ती अगदी किरकोळ, यांत्रिक असून चालत नाही.

मग न्यायालयाने एससीसीचं काम एकेक करून तपासलं. शुद्धलेखन सुधारणं, संदर्भ पूर्ण करणं, विरामचिन्हं घालणं या गोष्टी किरकोळ ठरल्या आणि त्यांवर हक्क मिळाला नाही. पण सलग मजकुरात विचार कुठे वळतो हे ओळखून तिथे परिच्छेद पाडणं, त्याला क्रमांक देणं, सहमती आणि मतभेद नोंदवणं यासाठी निकाल समजावा लागतो, कायदा यावा लागतो. तेवढ्यावर हक्क मिळाला. अलेक्झांडरचे तुकडे जोडणाऱ्याला १९२३ मध्ये जे मिळालं नव्हतं, ते निकालाचे तुकडे पाडणाऱ्याला मिळालं. कारण इथे तुकडा कुठे पाडायचा याला अक्कल लागत होती.

गणिताचं उत्तर

पुढच्याच वर्षी गाइड पुन्हा कोर्टात आलं. जम्मू-काश्मीरच्या शालेय मंडळाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे ऑक्सफर्डने अकरावीचं गणिताचं पाठ्यपुस्तक काढलं होतं. दिल्लीच्या नरेंद्र पब्लिशिंग हाउसने त्याचं गाइड काढलं. त्यात पाठ्यपुस्तकातलेच प्रश्न, तेच क्रमांक. फरक एवढाच, की पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानांत नुसतं उत्तर होतं आणि गाइडमध्ये उत्तरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या होत्या.

'अपेक्षित' प्रश्नसंच उशाला घेऊन दहावीची परीक्षा दिलेल्या मराठी वाचकाला यात वाद काय, असं वाटेल. पण ऑक्सफर्डचा दावा तसा फुसका नव्हता. इथे गाइडवाल्याने प्रश्न शब्दशः घेतले होते. फॉर्स्टरच्या खटल्यात तसं नव्हतं. न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी सप्टेंबर २००८ मध्ये दोन अंगांनी उत्तर दिलं. पहिलं, गणिताचं तत्त्व निसर्गाचं असतं आणि त्यावरचा प्रश्न मोजक्याच रीतींनी विचारता येतो. कल्पना आणि तिची मांडणी यांत जिथे अंतरच उरत नाही, तिथे मांडणीवर हक्क दिला तर कल्पनाच कोंडली जाईल. दुसरं, समजा हक्क असला, तरी गाइडने काय केलं ते बघा. ज्या मुलाला उत्तर दिसतं पण रीत कळत नाही, त्याला रीत दाखवली. हे काम पाठ्यपुस्तक करत नव्हतं. म्हणजे गाइड पाठ्यपुस्तकाची जागा घेत नाही, त्याच्या उद्देशात भर घालतं. मनाई हुकूम मिळाला नाही.

इथे कायद्याचा काटा हलला. काय उचललं, या प्रश्नाला कशासाठी उचललं हा प्रश्न येऊन भिडला.

रामेश्वरीचं दुकान

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान आहे. विद्यापीठानेच त्याला जागा आणि परवाना दिला होता. प्राध्यापक वाचनयादी देत. एका पुस्तकातलं हे प्रकरण, दुसऱ्यातला तो लेख, तिसऱ्यातली वीस पानं. दुकानदार ग्रंथालयातली पुस्तकं घेऊन तेवढी पानं काढी, बांधणी करी आणि पानामागे काही पैसे लावून विद्यार्थ्यांना देई. याला सगळे कोर्सपॅक म्हणत. यादीतलं एकेक पुस्तक विकत घ्यायचं तर बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरचं बजेट कोलमडलं असतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. कोर्टाने नेमलेल्या कमिशनरने दुकानात जाऊन कोर्सपॅकची यादी केली. ऑक्टोबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम निघाला. प्रकाशकांचं म्हणणं होतं, की विद्यापीठाने आयआरआरओ या संस्थेकडून फोटोकॉपीचा परवाना घ्यावा आणि फी भरावी. विद्यार्थी संघटित झाले आणि खटल्यात सामील झाले. विधिज्ञ शामनाद बशीर यांच्या पुढाकाराने शिक्षक-अभ्यासकही आले. ज्यांच्या पुस्तकांसाठी हा दावा होता, त्यांतल्या बऱ्याच लेखकांनी दाव्याच्या विरोधात पत्र लिहिलं. एके काळी याच संस्थेत शिकवलेल्या आणि ऑक्सफर्डकडून पुस्तकं प्रसिद्ध केलेल्या अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना फेरविचार करायला सांगितलं.

न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. कॉपीराइट हा लेखकाचा निसर्गदत्त हक्क नाही, समाजाच्या ज्ञानात भर पडावी म्हणून कायद्याने दिलेला हक्क आहे, अशी त्यांची बैठक होती. निकालात त्यांनी स्वतःच्या विद्यार्थीदशेची आठवण लिहिली. फोटोकॉपी दुर्मिळ आणि महाग होती, तेव्हा विद्यार्थी ग्रंथालयात पाळीपाळीने बसून, खाली कार्बन घालून प्रकरणंच्या प्रकरणं हाताने उतरवत. जे हाताने केलं तर गुन्हा नव्हता, ते यंत्राने सोपं झालं म्हणून गुन्हा कसं होईल? आज तर मोबाइल काढून पानाचा फोटो घेता येतो, हेही त्यांनी नमूद केलं.

प्रकाशक अपिलात गेले. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला, आणि पन्नास वर्षं झोपलेलं पोटकलम खऱ्या अर्थाने इथे जागं झालं. प्रकाशकांचा युक्तिवाद तीन टप्प्यांचा होता. कायद्यात 'शिक्षक' आणि 'विद्यार्थी' एकवचनी आहेत, म्हणजे एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेली नक्कल चालेल, विद्यापीठाने हजारोंना दिलेली चालणार नाही. 'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे वर्गातल्या तासापुरतं. आणि शाळांसाठीच्या संकलनात थोडेच उतारे घेता येतील, असं शेजारचं पोटकलम सांगतं, तीच मर्यादा इथेही हवी.

खंडपीठाने तिन्ही मुद्दे नाकारले. कायद्यातलं एकवचन अनेकवचनालाही लागू असतं, हा जुना नियम आहे. शिकवणं वर्गाच्या दारात सुरू होऊन तिथेच संपत नाही, आधीचं वाचन आणि नंतरचा अभ्यास त्यातच येतो. आणि संकलनाचं पोटकलम प्रकाशकांनी छापायच्या पुस्तकांसाठी आहे, शिक्षकांसाठी नाही. कायदा शिक्षणासाठीच्या नकलेला पानांची मर्यादा घालत नाही, तो उद्देशाची मर्यादा घालतो. शिकवण्यासाठी जेवढं गरजेचं तेवढं घ्यावं, असा त्याचा सूर होता. जास्त लोक शिकले तर उद्या पुस्तकांचा बाजारही वाढेल, असंही खंडपीठाने म्हटलं.

दुकानदार मात्र शिक्षक नाही, विद्यार्थीही नाही, तो धंदा करतो, हा आक्षेप उरला होता. त्यावरही खंडपीठाचं उत्तर सरळ होतं. नक्कल करण्याचा हक्क ज्यांना आहे त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी यंत्र चालवलं म्हणून नकलेचा उद्देश बदलत नाही.

न झालेली साक्ष

या निकालाचा अर्थ वाट्टेल त्या पुस्तकाची वाट्टेल तेवढी झेरॉक्स चालते, असा अनेकांनी घेतला. तसा तो नाही. फुटपाथवर विकली जाणारी अख्ख्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती आजही बेकायदाच आहे. शिवाय खंडपीठाने दावा पूर्णपणे निकालात काढला नव्हता. मनाई हुकूम त्याने दिला नाही, पण खटला सुनावणीसाठी एकल न्यायमूर्तींकडे परत पाठवला. या कोर्सपॅकमध्ये घेतलेली पानं शिकवण्यासाठी खरोखरच गरजेची होती का, हे तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन ठरवावं, असं सांगितलं. तोवर दुकानाने कोर्सपॅकची नोंद ठेवायची होती.

त्या साक्षी कधी झाल्याच नाहीत. मार्च २०१७ मध्ये तिन्ही प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आयआरआरओने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तीही मे महिन्यात फेटाळली गेली. प्रकाशकांनी माघार घेतली याचा विद्यार्थ्यांनी जल्लोष केला, आणि तो साहजिक होता. पण त्या माघारीमुळे कायद्याची एक बाजू उघडी राहिली. एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं असतं, की मला हे प्रकरण का लागलं आणि ते का नाही लागलं, तर 'गरजेचं तेवढं' या शब्दांना काही माप मिळालं असतं. पालग्रेव्हची निवड, मॅकमिलनच्या टिपा, एससीसीचे परिच्छेद, प्रत्येक वेळी न्यायालयाने काम प्रत्यक्ष उलगडून बघितलं आणि मग रेघ ओढली. इथे उलगडायची वेळ आली आणि वादी उठून गेले.

पुढचे वाद आता दुसऱ्या रूपात आले आहेत. संशोधनपर लेख फुकट उपलब्ध करून देणाऱ्या साय-हबवर एल्सेव्हिअर आणि इतर प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा लावला. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या बातम्या वापरून यंत्राला भाषा शिकवल्याबद्दल २०२४ मध्ये ओपनएआयला त्याच कोर्टात खेचलं. दोन्हीकडे विद्यार्थी, शिकणं आणि उद्देश हे शब्द येणार, आणि वकील रामेश्वरीच्या निकालाची पानं उलटणार. त्यांना तिथे तत्त्व सापडेल, माप सापडणार नाही. ते माप सध्या कायद्याच्या पुस्तकात नाही. ज्या प्राध्यापकाला जूनमध्ये वाचनयादी करायची आहे त्याच्या सारासार विचारावर ते सोडलेलं आहे, आणि उद्या कोणी त्याला कोर्टात बोलावलं तर त्या यादीतल्या प्रत्येक पानाचं कारण त्याला सांगता आलं पाहिजे.